‘थोडं’ म्हणजे किती?

“मॅडम, थोडं म्हणजे किती?”

प्रेसमधल्या ऑपरेटरने हे विचारलं तेव्हा मला त्याचा रागच आला होता. शाळेच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेचं मुखपृष्ठ मी पोस्टर कलरमध्ये रंगवून दिलं होतं आणि त्याचं प्रूफ बघायला गेले होते. माझा झेंडूचा केशरी पार विटकरी झाला होता. मी म्हटलं, केशरी थोडा उजळ करा. माऊसवरचा हात न काढता त्याने विचारलं, थोडं म्हणजे किती? मी म्हटलं, थोडं म्हणजे थोडं, दिसत नाही का तुम्हाला? तो बिचारा उजळ करत गेला, मी “अजून जरा” म्हणत गेले. शेवटी पडद्यावर झेंडू पेटल्यासारखा दिसायला लागला. छापून आला तो पुन्हा विटकरीच.

वर शीर्षकाची गंमत. मी अक्षरं बोरूने लिहिली होती, ती त्याने काढून टाकली आणि स्वतःकडच्या फाँटमध्ये टाईप केली. मधे कुठेतरी फाईल दुसऱ्या कॉम्प्युटरवर गेली आणि ‘सुवर्णमहोत्सव’ची चिन्हं-आकड्यांची खिचडी झाली. ती दुरुस्त करण्यात संध्याकाळ गेली.

बावीस वर्षं मी शिरवळच्या बाजूला एका हायस्कुलात चित्रकला शिकवते. एटीडी, म्हणजे चित्रकला शिक्षकाची पदविका, झालेली आहे. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या चित्रकलेच्या ग्रेड परीक्षांना मुलं बसवते. स्थिरचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, भूमिती-अक्षरलेखन हे सगळं हातचा मळ झालेलं. आणि एक मुलगा, जो बहुधा माझ्याच एखाद्या वर्गातून गेला असेल, मला ‘किती’ विचारतो आणि मला उत्तर देता येत नाही. घरी येऊन दोन दिवस मी त्याला नावं ठेवली. तिसऱ्या दिवशी पुण्यातल्या एका कॉलेजात चौकशी केली. कॉम्प्युटर आर्ट आणि डिझाइनचा प्राथमिक अभ्यासक्रम होता, सहा महिन्यांचा. शनिवारी दुपारी तीन ते सहा, रविवारी दहा ते एक. शनिवारची सकाळची शाळा सुटली की एसटीने स्वारगेट, रात्री धनकवडीला मावसबहिणीकडे मुक्काम आणि रविवारी परत.

पहिल्या दिवशी पिशवीत टू-बी, फोर-बी, सिक्स-बी, खोडरबर, फूटपट्टी असं सगळं नेलं होतं. वर्गात शिरले तशी दोन मुलं उठून उभी राहिली. त्यांना वाटलं नव्या बाई आल्या. मी जाऊन मागच्या रांगेत एका कॉम्प्युटरसमोर बसले तेव्हा ती हळूच खाली बसली. सगळी अठरा ते बावीसच्या आतली. शिकवणारे सर माझ्यापेक्षा दहाबारा वर्षांनी लहान. ते मला ‘बाई’ म्हणायचे, मी त्यांना ‘सर’. मुलांनी महिनाभर ‘मॅडम’ म्हटलं, नंतर आपोआप ‘ताई’ झाले.

पहिले दोन आठवडे कॉम्प्युटर सुरूच केला नाही. आलेखाचा कागद दिला. सोळा बाय सोळाचा चौकोन आखायचा, म्हणजे २५६ घरं. प्रत्येक घर एक तर पूर्ण काळं नाही तर पूर्ण पांढरं. त्यात ओळखीची एक वस्तू काढायची.

मी तांब्या घेतला. तांब्याचा गळा जिथे पोटाला मिळतो ते वळण मी फळ्यावर एका झटक्यात काढते, मुलं बघत राहतात. इथे ते वळण जिन्याच्या पायऱ्यांसारखं उतरायला लागलं. रेघ घराच्या मधूनच जाते. मग घर भरायचं की सोडायचं? अर्धं भरायला परवानगी नाही. पहिला तांब्या दुधाच्या किटलीसारखा झाला. दुसरा डेऱ्यासारखा. पाचव्यांदा कुठे जमला, आणि तोही आकाराने नव्हे. पोटावर उजवीकडे एक घर मी चुकून पांढरं सोडलं होतं. सरांनी कागद भिंतीला लावला, मला दहा फूट मागे उभं केलं आणि डोळे बारीक करायला सांगितलं. त्या एका घराने पितळ झालं होतं. चकाकी. ती वरच्या घरात असती तर तांब्याला भोक पडल्यासारखं दिसलं असतं. मी तेही करून पाहिलं, तसंच दिसलं.

मी म्हटलं, सर, ही तर आमची ठिपक्यांची रांगोळी. मला वाटलं, ते खूश होतील. ते म्हणाले, “नाही बाई. रांगोळीत ठिपके खुणेपुरते, रेघ तुमची. इथे रेघ नाहीच, फक्त ठिपके आहेत. तुमची रांगोळी चौथ्या आठवड्यात येईल.”

चौथ्या आठवड्यात आलं ते पेन टूल. त्याच्याइतका माझा अपमान कशाने केला नसेल.

सांगायचं तर सोपं आहे. पडद्यावर एक बिंदू द्यायचा, दुसरा द्यायचा, मधली रेघ मशीन काढतं. बिंदूला दोन काड्या फुटतात. त्या ओढल्या की रेघ वाकते. काडी ज्या दिशेला त्या दिशेने रेघ बिंदूतून बाहेर पडते, काडी जितकी लांब तितका वेळ ती दिशा धरून ठेवते. या रेघेला बेझिए कर्व्ह म्हणतात. फ्रान्समध्ये रेनो कंपनीतल्या पिएर बेझिए यांनी साठच्या दशकात गाड्यांच्या पत्र्याची वळणं मांडायला ती वापरली आणि त्याबद्दल लिहिलं, म्हणून त्यांचं नाव लागलं. खरं तर १९५९ मध्येच सित्रोएनमधल्या पॉल द कास्तेल्झो यांना तेच गणित सापडलं होतं, पण त्यांच्या कंपनीने ते बाहेर जाऊ दिलं नाही. सरांनी हे सांगितल्यावर मला त्या कास्तेल्झोंचंच जास्त वाईट वाटत राहिलं.

स्वाध्याय असा: आपल्या हाताने लिहिलेलं एक अक्षर स्कॅन करायचं आणि त्याची कडा पेन टूलने गिरवायची. मी बोरूने ‘ळ’ लिहून नेला होता. गावाच्या नावातला ळ, शिवाय दोन पोटं असलेला, म्हणजे कस लागणार. आधी चोरवाट धरली. इंकस्केप नावाचं जे मोफत सॉफ्टवेअर आम्ही वापरत होतो त्यात एक सोय आहे, चित्र दिलं की ते आपोआप कडा शोधून देतं. तसं केलं. बिंदू मोजले तर ४१२. कागदाचा खरखरीतपणा, शाई जिथे फुटली ते, सगळं इमानदारीने गिरवलेलं. सर म्हणाले, हा ळ नाही, हा ळचा पंचनामा आहे.

मग हाताने बसले. बिंदूंमागून बिंदू देत गेले, कारण वळण हातातून निसटेल अशी धास्ती. ६१ झाले. दुरून बरा दिसायचा, मोठा करून पाहिला की कडा पोचा आलेल्या भांड्यासारखी. शेजारच्या जेजुरीच्या मुलाने बघून सांगितलं, “ताई, बिंदू कमी करा, जास्त नको. वळण जिथे सगळ्यात वर, सगळ्यात खाली, सगळ्यात डावीकडे आणि उजवीकडे जातं तिथेच द्या. काड्या आडव्या नाहीतर उभ्या ठेवा.” मी त्याला विचारलं, का? तो म्हणाला, “असंच असतं.”

‘का’ मला एसटीत कळलं, कात्रजच्या बोगद्याच्या आसपास. काडी म्हणजे स्पर्शिका. मी दरवर्षी भूमितीच्या पेपरासाठी मुलांना वर्तुळाबाहेरच्या बिंदूतून स्पर्शिका काढायला शिकवते. कंपास, पट्टी, लंबदुभाजक. वर्तुळाच्या माथ्यावर ती आडवी असते, कडेला उभी. बावीस वर्षं मी ती काढून दाखवली आणि खोडून टाकली. तिने वळण हाकता येतं हे माझ्या डोक्यात कधी आलं नाही. पुढच्या रविवारी माझा ळ २८ बिंदूंवर आला आणि दाराएवढा मोठा केला तरी कड हलली नाही.

इथे एक तक्रार नोंदवून ठेवते. पेन टूलने चार बिंदूंत वर्तुळ काढलं तर ते खरं वर्तुळ नसतं. काडीची लांबी त्रिज्येच्या ०.५५२३ पट ठेवली की जवळजवळ वर्तुळ होतं, पण अगदी तंतोतंत कधीच होत नाही. एक मीटर त्रिज्या घेतली तर पाव मिलिमीटरच्या आसपास चूक राहते. सर म्हणाले, डोळ्याला दिसत नाही. नसेल दिसत. माझा आठ रुपयांचा कंपास मात्र खरं वर्तुळ काढतो, हे मी वर्गात बोलून दाखवलं आणि मुलांनी टाळ्या वाजवल्या.

मधले काही आठवडे लेअर, मास्क, फोटोवरची कामं यांत गेले. ते मला फार कठीण गेलं नाही आणि त्याबद्दल सांगण्यासारखंही फार नाही. एकदा तीन तासांचं काम सेव्ह न करता बसले आणि वीज गेली. त्या दिवशी वर्गातल्या प्रत्येकाने मला स्वतःची अशीच एक कहाणी सांगितली, सुतकाला भेटायला आल्यासारखी.

रंगाच्या तासाला मात्र मी भांडले.

शाळेत मी पहिल्या आठवड्यात शिकवते: लाल, पिवळा, निळा हे मूळ रंग, निळा आणि पिवळा मिळून हिरवा. इथे सरांनी पडद्यावर लाल आणि हिरवा पूर्ण चढवला आणि पिवळा आला. मी म्हटलं, हे कसं शक्य आहे? बशीत लाल-हिरवा कालवला तर चिखल होतो. सरांनी माझाच मोबाइल घेतला, पांढरा पडदा उघडला आणि बोटाने पाण्याचा एक बारीक थेंब त्यावर सोडला. थेंबाचं भिंग झालं. आत पांढरं काही नव्हतंच. लाल, हिरवे, निळे बारकेबारके तुकडे. मी चष्मा काढून बघितलं, घालून बघितलं. प्रत्येक तुकडा शून्यापासून २५५ पर्यंत पेटू शकतो, म्हणजे २५६ पायऱ्या. तिघांच्या मिळून एक कोटी सदुसष्ट लाखांच्या वर छटा. माझ्या रंगपेटीत बारा बाटल्या.

मग त्यांनी त्याच दिवसाचा पेपर आणि छापखान्यातलं भिंग दिलं. पुरवणीवरच्या एका नटीच्या गालात आकाशी, गुलाबी, पिवळे आणि काळे ठिपके. पडदा उजेड मिसळतो, शाई उजेड गिळते. कागदावर सायन, मॅजेंटा, यलो आणि काळा असे चार रंग, थोडक्यात सीएमवायके, त्यातला के म्हणजे काळा. काळा वेगळा घ्यावा लागतो, कारण पहिल्या तिघांना मिसळून जे होतं ते काळं नसतं, मळकट तपकिरी असतं. बारीक काळी अक्षरं चार शायांत छापली तर चारही नेमक्या एकावर एक बसाव्या लागतात. केसभर सरकलं की अक्षराला रंगीत सावली पडते. आमच्या स्मरणिकेतल्या मुख्याध्यापकांच्या मनोगताला तशीच सावली होती. आम्ही समजत होतो, डिझाइन आहे.

आणि केशरी. पडद्यावरचा लाल २५५, हिरवा १०२, निळा ० असा केशरी त्या चार शायांत बसतच नाही. कितीही मॅजेंटा-यलो चढवा, उजेडाचा रंग शाईला गाठता येत नाही. पोस्टर कलरचा झेंडूही त्यातलाच. म्हणजे तो ऑपरेटर दुपारभर जे करत होता त्याला काही अर्थच नव्हता, आणि ते करायला मीच लावत होते. त्याचा दोष मी अर्धा माफ केला. अर्धा नाही, कारण माझं चित्र त्याने स्कॅन करायला हवं होतं. त्याने मोबाइलने फोटो काढून व्हॉट्सअॅपवर स्वतःला पाठवला आणि तोच वापरला. ती फाईल अजून माझ्याकडे आहे, लांब बाजू १६०० पिक्सेल. ए-फोर पानाची लांबी ११.७ इंच. भागाकार केला तर इंचाला १३७ पिक्सेल येतात. चांगल्या छपाईला ३०० धरतात, त्यालाच तीनशे डीपीआय म्हणतात. झेंडूच्या पाकळ्या फुटल्या होत्या त्या मी चुकीच्या ब्रशने रंगवल्या म्हणून नव्हे.

अक्षरांवर एकच रविवार होता, त्याची मला चुटपुट आहे. मराठीची खिचडी का होते ते तेव्हा समजलं. जुन्या फाँटमध्ये ‘क’च्या जागी खरं तर इंग्रजी अक्षराचाच क्रमांक ठेवलेला असतो, नुसता चेहरा देवनागरीचा. फाँट काढला की मुखवटा पडतो. युनिकोड या सगळ्या लिप्यांच्या सामायिक क्रमांकपद्धतीत क हा क म्हणूनच साठवतात. विंडोजमध्ये आपण वर्षानुवर्षं पाहिलेला मंगल हा फाँट र. कृ. जोशींनी केला हेही तिथेच कळलं. सुलेखनकार आणि कवी म्हणून त्यांचं नाव मला एटीडीपासून माहीत, पण शाळेच्या ऑफिसात क्लार्क ज्या अक्षरात दाखले टाईप करतो तेही त्यांचं, हे कोणी सांगितलं नव्हतं. सरांनी मुंबईच्या ‘एक टाइप’ या फाँट करणाऱ्या संस्थेचे ‘मुक्त’ आणि ‘बलू’ हे फाँट वापरायला दिले, फुकट मिळतात. ओळींमधलं अंतर इंग्रजीच्या हिशोबाने ठेवलं तर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीत घुसतो, म्हणून मराठीला ते वाढवून द्यायचं. किती? प्रत्येकाने आकडा लिहायचा होता. मी दीडपट लिहिलं. माझं जास्त होतं असं सरांचं मत पडलं. मला अजून ते पटलेलं नाही.

शेवटच्या टप्प्यावर कोड लिहायचं होतं. माझ्या पोटात गोळा. पण सुरुवात एका बाईपासून झाली आणि मी सावरून बसले. वेरा मोलनार. जन्म १९२४, बुडापेस्ट, राहिल्या पॅरिसला. कॉम्प्युटर हाताशी नव्हता तेव्हा त्या मनातल्या मनात एक मशीन कल्पून, त्याला नियम घालून, हाताने चित्रं काढत होत्या. खरं मशीन मिळालं १९६८ मध्ये. मी वहीच्या कडेला वजाबाकी केली. चव्वेचाळीस. मी सेहेचाळीसची. बरं.

त्यांचं काम साधं दिसतं: चौकोनात चौकोन, रांगांमध्ये, आणि त्यांचे कोपरे किंचित हललेले. आम्हाला तसंच करायचं होतं, पी-फाइव्ह नावाच्या साधनात. दहा रांगा, दहा स्तंभ, शंभर चौकोन. तिथपर्यंत मुलांनी हात धरून नेलं. मग ओळ आली, प्रत्येक कोपरा यदृच्छेने हलवण्याची, आणि कंसात एक रिकामी जागा. किती हलवायचा?

थोडासा, असं मी मनात म्हटलं आणि मलाच हसू आलं.

३ लिहिलं. चौकोन चाळीस पिक्सेलचा, त्यात तीन पिक्सेलची हालचाल. शंभर चौकोन नुसते चुकल्यासारखे दिसले, पट्टी सरकलेल्या मुलाच्या वहीसारखे. २५ केलं तर काटक्यांचा ढीग. ८ ला काहीतरी झालं. चौकोन चौकोनच राहिले आणि तरी हाताने काढलेले वाटले, आमच्या सातवीच्या वर्गाच्या संकल्पचित्रातल्या नक्षीसारखे, जिथे प्रत्येक पान दुसऱ्यासारखं असतं आणि नसतं. ७ आणि ९ सुद्धा करून पाहिले. ९ ला पुन्हा बेशिस्त. वर्गात मी मुलांना म्हणते, रेघ जिवंत पाहिजे. आजवर एकानेही मला विचारलं नाही, बाई, म्हणजे किती. त्यांनी माझ्या हाताकडे बघून आपलं-आपलं काढून घेतलं. आणि ज्यांना माझ्या हाताकडे बघून काढता आलं नाही त्यांना मी सी ग्रेड दिली. हा विचार त्या दिवशी आला आणि नको तेवढा वेळ राहिला. दरवर्षी दोन-तीन मुलं असतात, कागद घेऊन माझ्या टेबलापाशी येतात, “बाई, आता बरोबर आहे का?” मी म्हणते, अजून थोडं गडद. ती जागेवर जातात, परत येतात. अजून थोडं. तिसऱ्यांदा येत नाहीत. त्यातल्या एकाचा चेहरा मला आठवत राहिला, नाव आठवेना.

त्या सोमवारी शाळेत स्थिरचित्राच्या तासाला मी फळ्याच्या कडेला खडूने पाच पट्ट्या रंगवल्या, फिक्यापासून गडदपर्यंत, आणि त्यांना एक ते पाच आकडे दिले. तांब्याची सावली चार, टेबलाची तीन. चांगली काढणारी मुलं वैतागली. त्यांना ते पोरकट वाटलं. मागच्या बाकावरच्या एकीने पहिल्यांदा सावली पूर्ण केली. पण तिच्या चित्रात सगळंच चार नाहीतर तीन होतं, मधलं काही नाही, तेव्हा यालाही मी उत्तर म्हणत नाही. पट्ट्या मात्र पुसल्या नाहीत.

शेवटचा प्रकल्प ए-थ्री पोस्टर. मी ग्रेड परीक्षेच्या नोंदणीची सूचना केली: २५६ घरांचा तोच तांब्या मोठा करून, खाली शीर्षकात स्वतःचा ळ, नोंदणीच्या तारखा ‘मुक्त’ फाँटमध्ये. फाईल ३५०८ बाय ४९६१ पिक्सेल, अक्षरं निव्वळ काळ्या शाईत. पार्श्वभूमीचा केशरी मी मुद्दाम छापता येईल असाच निवडला: सायन शून्य, मॅजेंटा ६०, यलो १००. पडद्यावर जरा मंद वाटला, म्हणून डोळे मिटून घेतले.

सगळ्यांची पोस्टरं भिंतीवर लावून चर्चा झाली. प्रत्येकाने दुसऱ्याच्या कामावर बोलायचं, आणि ज्याचं काम आहे त्याने गप्प बसायचं असा नियम. बावीस वर्षं दुसऱ्यांच्या चित्रांवर बोलत आलेल्या बाईला दहा मिनिटं गप्प बसवणं म्हणजे काय ते माझं मला माहीत. एक मुलगी म्हणाली, तांब्या छान आहे पण तारखा आधी दिसायला हव्यात. बरोबर होतं. जेजुरीवाला म्हणाला, “ताईंचा ळ सगळ्यात भारी.” त्याला काही फार बोलायचं नव्हतं, पण मला पुरलं. सरांनी बी प्लस दिला.

तारखा मोठ्या करून मी फाईल पेनड्राइव्हवर घेतली आणि स्वारगेटजवळच्या एका डिजिटल प्रिंटच्या दुकानात गेले. काउंटरवरच्या पोराने फाईल उघडली. मी त्याला काही विचारायच्या आत सांगून टाकलं: ए-थ्री, तीनशे डीपीआय, सीएमवायके, अक्षरं फक्त के मध्ये, केशरीला हात लावू नका. तो माझ्याकडे बघून हसला. “मॅडम डिझायनर आहात का?”

मी काही बोलले नाही. पण मान जरा हललीच.

“पेपर कोणता देऊ? मॅट का ग्लॉसी? आणि किती जीएसएम?”

सहा महिन्यांत हे कोणी शिकवलंच नव्हतं. मी दोन्ही नमुने हातात घेऊन उजेडाकडे धरले, उलटसुलट केले, कळल्यासारखा चेहरा केला.

“मॅट घ्या,” तो म्हणाला, “शाळेत लावणार ना? बोटं उमटत नाहीत.”